तडा की भेग? सोलापूरच्या प्रेससमोर

तुमचं भविष्य सांगून गेलेल्या माणसाला, ते खोटं ठरल्यावर, तुम्ही कधी परत गाठून जाब विचारला आहे का?

नसेलच विचारला. आपण विसरतो आणि त्याचं दुकान चालू राहतं. चिपळूणच्या ज्या घरात मी वाढले तिथे पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील छापून आणायचे, आई आठवड्याच्या बाजारात वाटायची, आणि उरलेल्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं जुळवायला शिकले. बुवाबाजी बंद करा. हुंडा घेणाऱ्याच्या लग्नाला जाऊ नका. विज्ञान मायबोलीत शिकवा. ‘भाकीत’ हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरला जायचा. म्हणून सुजाताचा फोन आला आणि ती म्हणाली, “मी एक भाकीत केलंय, सोलापूरला ये आणि समोर उभी राहून बघ,” तेव्हा मी आधी तिच्याशी भांडले आणि मग बॅग भरली.

सुजाता माझी होस्टेलमधली मैत्रीण. सोलापूरची, आता पुण्यात धातूंवर संशोधन करते. तिचं भाकीत एका धातूबद्दल होतं: तो तापवून दाबला तर अंगावर नेमका कुठे आणि किती दाबल्यावर फुटेल. ते ती दाबण्याआधी सगळ्यांदेखत सांगणार होती. चुकलं तर सगळ्यांदेखत चुकणार. स्वतःला असं अडचणीत टाकणारा भविष्यवेत्ता मी जन्मात पाहिला नव्हता. जाणं भागच होतं.

सोलापूर

गाडीतून उतरले तेव्हा सकाळ होती, तरी फलाट तव्यासारखा तापायला लागला होता. चिपळूणला उन्हाळ्यात अंगाला घाम चिकटून राहतो. इथे घाम यायच्या आधीच वाळतो. सुजाताच्या घरी तिच्या आईने “जय भीम” म्हणून दार उघडलं आणि मी हात धुते न धुते तोच ताट पुढे केलं: कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा. आमच्याकडची तांदळाची भाकरी मऊ असते, तिची घडी घालून घास करतात. मी सवयीने इथल्या पापडासारख्या ज्वारीच्या भाकरीची घडी घातली. तिचे तुकडे थेट माझ्या मांडीवर.

“अगं, घडी काय घालतीस, ती काय चादर हाय का?” काकू हसून हसून खुर्चीला टेकल्या. “कुस्कर की सरळ. वरून दही घे.”

शेंगाचटणीवर मी स्वतंत्र पत्रक काढू शकेन, पण विषय धातूचा आहे.

सुजाताचा धातू लोखंड आणि ॲल्युमिनियमचा आहे. एरवी दोन धातू वितळवून एकत्र केले तर त्यांचे अणू एकमेकांत कसेही मिसळतात. याच्यात तसं होत नाही. लोखंडाची जागा ठरलेली, ॲल्युमिनियमची जागा ठरलेली, आणि कुणी जागा सोडायला तयार नाही. म्हणून धुराने, आगीने हा धातू सहसा खाल्ला जात नाही. आणि म्हणूनच त्याला आकार द्यायला गेलं की फुटतो, कारण आकार बदलायचा तर अणूंना सरकावं लागतं.

“म्हणजे प्रत्येकाला जागा नेमून दिलेल्या समाजासारखं,” मी म्हटलं. “आतून सरकता येत नाही, मग फुटतो.”

“अणूंना जात नसते,” सुजाता म्हणाली. “लेखात हे वाक्य घातलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.”

घातलं आहे. ती अजून बोलते.

हा धातू तापवला की अणू थोडे सैल होतात. मग दाबता येतो, पण फार बेताने. किती तापवायचा, किती सावकाश दाबायचा, कुठवर दाबायचा, याची हद्द ओलांडली की फुटला. ती हद्द आधी सांगता आली तरच या धातूची वस्तू बनते. आणि वस्तू काय बनवायची, ते सुजाताने शाळेत असतानाच ठरवलं होतं असं मला वाटतं. टॉवेल-चादरी रंगवणाऱ्या कारखान्यांत बॉयलर असतात. बॉयलरच्या बर्नरचं तोंड धुराने खाल्लं जातं. ते बदलायला माणसाला गरम बॉयलरच्या पोटात अर्धं अंग घालावं लागतं. तिच्या गल्लीत असे भाजलेले हात तिने लहानपणापासून पाहिले आहेत. या धातूचं तोंड बसवलं तर ते जास्त टिकेल, आणि माणूस तितक्या कमी वेळा आत जाईल.

“तुझ्या चिपळूणला मात्र सांभाळून वापरावं लागेल,” ती म्हणाली. “गार असताना याला हवेतला ओलावासुद्धा सोसत नाही. ठिसूळ होतो.”

आमच्या गावाचा असा अपमान मी पहिल्यांदाच ऐकला.

अक्कलकोट रोड एमआयडीसी

इथे सकाळी रस्त्यावर सायकली आणि मोटारसायकली एका लयीत आत शिरतात, आणि शेडच्या दारापाशी पोचेपर्यंत मागांचा खडखडाट पायांच्या तळव्यांत जाणवायला लागतो. अंबादासशेठची शेड या सगळ्याच्या मागच्या अंगाला आहे. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या विणकाम. घरात तेलुगू, धंद्यात मराठी. त्यांनी माग विकून भट्टी आणि तापलेला धातू दाबायचा प्रेस घेतला आणि आता मागांचे व ट्रॅक्टरचे सुटे भाग घडवतात. सुजाताला तिच्या धातूची दांडकी दाबायला त्यांनी प्रेस दिला होता, पण अट घालून.

“मॅडम, मी शिकलेला न्हाई, पण मला फसवायचं न्हाई हं,” त्यांनी माझ्यादेखत सांगितलं. “तुम्ही म्हणता, फुटणार कुठं ते आधी सांगते. सांगा की. बरोबर आलं तर प्रेस तुमचा, दर आठवड्याला या. चुकलं तर तुमची दांडकी भंगारात, आणि सोमवारी दुपारपासून माझं नेहमीचं काम सुरू.”

सुजाताच्या आवाजात काही बदल झाला नाही, पण तिचं काय पणाला लागलंय ते मला ठाऊक होतं. पुण्यात तिला सांगितलं गेलं होतं की हे सगळं कागदावर ठीक आहे. कारखान्यात खरं करून दाखव, नाहीतर विषय बदल. दुसरा प्रेस तिला कुणी दिला नव्हता. तीन दांडकी होती. म्हणजे तीनच संधी.

प्रेस चालवणारे बसवराजअण्णा कुंभारीहून येतात. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. मला बघताच म्हणाले, “ताई, तुमी कोकणातल्या? तितं मऊ भाकरी खात्यात म्हनं. दात न्हाईत का लोकान्ला?”

सुजाताने त्यांना समजावलं. दांडकं उभं ठेवायचं, वरून सावकाश दाबायचं. वरचं आणि खालचं टोक प्रेसच्या ठोकळ्यांना चिकटून बसतं, गारही होतं, त्यामुळे मधलं अंग पिंपासारखं फुगतं. फुगताना कमरेवरचं कातडं ताणलं जातं. प्रत्येक क्षणी किती ताण साठतो ते तिने हिशेबाने काढलं होतं. मग तिने प्रेसशेजारच्या मोजपट्टीवर खडूने रेघ ओढली. दांडकं ठेंगणं होत होत प्रेसबरोबर खाली सरकणारा काटा या रेघेवर आला की कमरेवर फुटेल, आणि दाराकडच्या बाजूला फुटेल, कारण तिकडून वारा लागतो आणि ती बाजू आधी गार होते.

“तर अण्णा, क्रॅक दिसला की थांबायचं,” ती म्हणाली.

इथे मी तोंड घातलं. पत्रकांवर वाढलेली मुलगी ‘क्रॅक’ ऐकून गप्प बसेल का? “मराठीत सांग ना!” मी म्हटलं. “अण्णा, तडा. तडा गेला की थांबा.” आणि त्यांच्या नीट लक्षात यावं म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं. अण्णांनी मान डोलावली. “तडा. व्हय. कळलं की.”

आम्ही जाळीच्या मागे उभ्या राहिलो. तिथून दांडकं म्हणजे नुसता एक पिवळसर नारिंगी उजेड. जवळ काळा चष्मा लावलेले अण्णा एकटेच. भट्टीचं दार उघडलं तेव्हा मी नकळत एक पाऊल पुढे टाकलं, ते भट्टीतून गळून पडलेल्या लोखंडाच्या गरम खपलीवर. चपलेचा तळ जमिनीला चिकटला आणि मी एका पायावर नाचत मागे आले. या मोहिमेत मी दिलेली आहुती एवढीच.

प्रेस खाली येत होता. काटा खडूच्या रेघेपाशी आला. सुजाताने माझा दंड धरला. काटा रेघेवरून खाली गेला. आणखी खाली. अण्णा थांबेनात. बऱ्याच वेळाने ‘कट्’ असा आवाज झाला, अण्णांनी दांडा ओढला आणि ओरडले, “गेला तडा!”

काटा रेघेच्या कितीतरी खाली होता.

अंबादासशेठ काही वाईट बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. “मॅडम, तुमचं गणित हिकडं अन् लोखंड तिकडं,” एवढंच म्हणाले आणि फोनवर बोलत बाहेर गेले. सुजाताने भट्टीचं तापमान पुन्हा तपासलं, वेग पुन्हा तपासला. सगळं ठरल्याप्रमाणे होतं. मग भाकीतच चुकलं.

मी तिला म्हणू शकले असते की काही कारण काढ. तिने काढलं नाही. “सांगितलं एक, झालं दुसरं,” ती म्हणाली. “म्हणजे मी चुकले.” मी त्या वेळी तिच्याकडे बघत होते, आणि एवढी ताठ मान मी कुठल्या मोर्च्यात पाहिलेली नाही.

कुंभारी

दुसऱ्या दिवशी रविवार. अण्णांना आमची तोंडं बघवली नसावीत. “जेवायला या,” म्हणाले. “उपाशी पोटी गनित चुकतंयच.”

कुंभारी शहराला लागून आहे, पण तिथे पोचताच मागांचा आवाज थांबतो आणि तुरीच्या काड्यांचे ढीग दिसतात. दारातच अण्णांच्या बायकोने, महादेवीअक्कांनी, “बर्री, बर्री” म्हणून कानडीत बोलावलं आणि पुढचं सगळं मराठीत सुरू केलं. या घरात नवरा-बायको भांडतात कानडीत आणि पाहुण्यांना साक्षीला बोलावतात मराठीत. गव्हाची हुग्गी झाली होती, गूळ आणि खोबऱ्याच्या वासाची. आमच्याकडे सणाला तांदळाची खीर असते. हुग्गी ही तिची अंगापिंडाने मजबूत बहीण म्हणावी. मी दोनदा घेतली.

अक्का चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. मी शेजारी बसले. हाताखाली पिठाचा गोळा पसरत होता. मधे तळवा दाबत होता आणि कड बाहेर बाहेर सरकत होती. सरकता सरकता कड उकलायला लागली.

“पीठ जुनं झालंय, विरी गेलीया त्याची, चिकटपना ऱ्हायला न्हाय,” अक्का म्हणाल्या. “बगा की कडंला कशा भेगा पडायल्यात.”

मागून अण्णा हुग्गी खात खात म्हणाले, “आवो, काल मशीनवर डिट्टो आसंच झालं. कमरंला आशाच भेगा पडल्या. मी म्हनलं पडू दे, तडा जाईल तवा थांबू.”

सुजाताचा हात ताटात थांबला.

“अण्णा,” तिने विचारलं, “भेगा कधी पडल्या?”

“त्या व्हय? त्या लई आदी. तुमच्या खडूच्या रेघंपाशीच म्हना की.”

“मग थांबला का नाहीत?”

“आता घ्या!” अण्णांनी वाटी खाली ठेवली. “तुमी तडा म्हनला की! ह्या ताईंनी तर माझ्या डोस्क्यात हातोडीनं ठोकलं, तडा, तडा. भेगंला तडा कोन म्हनतंय? भेग म्हंजे वरलं कातडं उकलतंय. तडा म्हंजे आतपातूर जातोय, आवाज करतोय. मॅडम आदी ‘क्रॅक’ म्हनल्या व्हत्या, तसंच ऱ्हाऊ दिलं आसतं तर थांबलो आसतो. क्रॅक म्हंजे काय, समदंच क्रॅक!”

माझ्या कानांच्या पाळ्या भट्टीसारख्या तापल्या. मायबोलीच्या अभिमानाने मी एक अख्खं दांडकं फोडलं होतं.

अक्कांनी तव्यावर भाकरी टाकली. “धा वर्सं झाली माझ्या टाचंला भेगा हायत,” त्या नवऱ्याकडे न बघता मला म्हणाल्या, “त्यातली एक बी ह्यान्ला दिसली न्हाय. लोकंडाच्या बऱ्या दिसत्यात.”

सगळ्यांत आधी सुजाता हसली. मग अण्णा, मग मी. हसून झाल्यावर ती मात्र पुन्हा गंभीर झाली. “‘रेघेपाशीच’ हा पुरावा होत नाही, अण्णा. तुम्ही तेव्हा काट्याकडे बघत नव्हता. पुन्हा दाबून बघायचं.”

तिथून उठून आम्ही शेठच्या घरी गेलो, अण्णाही आले. शेठना पहिल्यांदा ती सबब वाटली. “हरल्यावर शब्दावर ढकलू नका हं.” अण्णांनी छातीवर हात मारला. “शेठ, चूक ह्या कोकणातल्या ताईंची अन् माझी. मॅडमची न्हाय.” शेठ माझ्याकडे बघून बराच वेळ हसले आणि म्हणाले, “उद्या सकाळी एक दांडकं. भेग रेघेवर आली तर शेवटचंबी दाबू. न्हाई आली, तर दोन्ही भंगारात.”

पुन्हा एमआयडीसी

सोमवारी सकाळी प्रेससमोर सुजाताने तेवढंच सांगितलं: “अण्णा, भेग दिसली की थांबा.” मी दोन्ही ओठ मिटून घेतले होते.

तीच रेघ. केसभरही हलवली नव्हती. मी विचारलं तेव्हा सुजाता म्हणाली, “हिशेब बदललेला नाही, मग रेघ का बदलू?” शेजारच्या शेडमधले चार कामगार खांद्यावर टॉवेल टाकून बघायला आले होते. भट्टीचं दार उघडलं, दांडकं ठोकळ्यावर उभं राहिलं, प्रेस उतरायला लागला. काटा उतरत उतरत रेघेच्या थोडा वर आला, मग आणखी जवळ. शेठ जाळीला नाक लावून उभे.

“भेग!” अण्णा गरजले आणि प्रेस जागच्या जागी थांबला.

काटा रेघेला टेकला होता. चक्क टेकला होता. शेठ स्वतः जाळीच्या पुढे गेले, डोळे बारीक करून मोजपट्टी बघितली, मग अण्णांचा काळा चष्मा घेऊन दांडक्याभोवती चक्कर मारली. कमरेवर, दाराकडच्या बाजूला, नखाने ओढाव्यात तशा बारीक रेघा. दुसऱ्या बाजूला एकही नाही.

“आयला,” शेठ म्हणाले. एवढंच, पण ते ऐकायला मी चिपळूणहून पुन्हा येईन.

शेवटचं दांडकं उरलं होतं, आणि खरी लढाई त्याचीच होती. कुठे फुटेल हे सांगणं झालं. आता ज्या हिशेबाने ते सांगितलं त्याच हिशेबाने न फुटू देणं. सुजाताने त्या दांडक्याला साध्या पोलादाचा अंगरखा चढवून घेतला होता. त्याने आतली ऊब टिकते आणि कमरेचा ताण बराचसा अंगरख्यावर जातो. ठोकळे आधी तापवले. प्रेस आणखी सावकाश. आणि तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं: “काटा या रेघेच्या खाली जाईल, बर्नरच्या तोंडाला लागते तेवढी जाडी होईपर्यंत जाईल, आणि भेग पडणार नाही. तडाही जाणार नाही.” दोन्ही शब्द तिने माझ्याकडे बघत उच्चारले.

काटा रेघेच्या खाली गेला. जाडी झाली. अण्णांनी प्रेस उचलला. आवाज नाही, काही नाही. पण वर अंगरखा होता. आत काय झालंय ते कळायला तो काढावा लागणार. तुकडा राखेत पुरून हळूहळू गार होऊ दिला. त्या वेळात मी शेंगापोळी खाल्ली आणि तिची चव मला आजही सांगता येणार नाही. मग ग्राइंडरने अंगरखा कापला, तुकड्यावर लाल रंग फासला, पुसला, वर पांढरी पूड मारली. केसाएवढी जरी भेग असेल तरी तिच्यात मुरलेला लाल रंग पुडीवर उमटतो.

आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. पूड पांढरीच राहिली. स्वच्छ, पांढरी.

जो काही ओरडा झाला त्यात मागांचा खडखडाट मला ऐकू आला नाही. अण्णांनी टोपी छतापर्यंत उडवली. शेठनी शेजारच्या शेडमधून दोन नवे कोरे टॉवेल आणायला लावले, एक सुजाताच्या आणि एक अण्णांच्या खांद्यावर घातला, आणि त्या टॉवेलावरच तोंड पुसत अण्णा म्हणाले, “शेठ, आजपासनं दर सोमवारी मॅडमचं काम. तुमीच बोलला व्हता.”

“बोललो की,” शेठ म्हणाले. “बर्नरचं पहिलं तोंड ह्याच प्रेसवर दाबायचं. दुसरीकडं गेला तर याद राखा.”

बघायला आलेल्या चौघांतला एक कामगार तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट करत होता. त्याच्या मनगटावर भाजल्याचा जुना चट्टा होता. “हे बसवल्यावर आत कमी जायचं, व्हय?” त्याने विचारलं. सुजाता म्हणाली, “हो. बसवून बघू आणि किती टिकतं तेही आधी सांगू.” त्याने तुकडा परत देताना दोन्ही हातांनी दिला.

मी परत आले आहे आणि वडिलांना सांगून टाकलं आहे की ‘भाकीत’ हा शब्द आता आपल्या घरात शिवी म्हणून चालणार नाही. आता तुमच्याकडे माझी एक मागणी आहे. तुम्ही अभियांत्रिकी शिकत असाल, शिकवत असाल, कुणाला कामाची सूचना देत असाल, तर याच आठवड्यात तुमच्या गावातल्या भट्टीवर, गॅरेजात, सुताराच्या शेडमध्ये जा. तिथे फुटण्याला, उकलण्याला, चिरण्याला कोणकोणते शब्द आहेत ते विचारा आणि प्रत्येक शब्दाचा तुकडा हातात घेऊन बघा. मग तुमची सूचना त्या शब्दांत सांगा, आणि समोरच्याला कामाला लावण्याआधी ती त्याच्या तोंडून एकदा परत ऐकून घ्या.